पाटी लागली, पण पेढीची नोंद झाली काय?

साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा मुहूर्त साधून नवा धंदा सुरू करावयाचा, ही रीत महाराष्ट्रात जुनी आहे. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, वहीवर स्वस्तिक काढले जाते आणि हौसेने रंगविलेली पाटी दारावर चढते. या साऱ्या समारंभात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा धंदा कोणाचा? एकाचा की दोघांचा? दोघांचा असेल, तर तसे कोठे लिहिलेले आहे काय? आणि लिहिलेले असेल, तर त्याची नोंद कोणत्या दप्तरात झाली आहे? शुभकार्याच्या वेळी असले प्रश्न काढणे अनेकांना अभद्र वाटते. ते प्रश्न पुढे निघतात ते धंद्यात खोट आल्यावर, देणेकरी पैसे बुडवू लागल्यावर किंवा भागीदारांपैकी एकाचा मृत्यू झाल्यावर. त्या वेळी उत्तर शोधण्याची मुदत बहुधा संपलेली असते.

हा विषय केवळ व्यापारी पेठेपुरता नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ मधील ७३ व्या फेरीनुसार देशात शेतीबाहेरचे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग सुमारे ६ कोटी ३४ लाख होते आणि त्यांतील जवळजवळ ९६ टक्के एकमालकीचे होते. म्हणजे आपल्याकडील उद्योगधंदा मोठ्या संख्येने चालतो तो कंपन्यांच्या इमारतींत नव्हे, तर गल्लीतील गाळ्यात, घराच्या ओसरीवर आणि स्वयंपाकघरात. त्यांत भांडवल कोणाचे असते? निवृत्त कारकुनाचा भविष्यनिर्वाह निधी, शिक्षकाने पतपेढीतून काढलेले कर्ज, गृहिणीचे मोडलेले दागिने. पदवी घेऊन नोकरीची वाट पाहून थकलेला मुलगा त्यावर झेरॉक्सचे दुकान, खानावळ किंवा छपाईचा व्यवसाय उभा करतो. अशा घरातील पैसा बुडाला तर तो पुन्हा उभा राहण्याचा संभव थोडा. म्हणूनच नोंदणीचा विषय रुक्ष असला, तरी नोकरदार मध्यमवर्गाने तो नीट समजून घ्यावयास हवा.

एकमालकी : सोपी आणि उघडी

एकमालकीच्या धंद्यासाठी आपल्या देशात स्वतंत्र असा कायदाच नाही. भागीदारीला १९३२ चा कायदा आहे, कंपनीला २०१३ चा आहे. परंतु एकट्याने धंदा करणाऱ्या माणसाला ‘एकमालकी संस्था’ म्हणून जन्माला घालणारे कोणतेही दप्तर नाही. याचे कारण उघड आहे. कायद्याच्या लेखी अशी संस्था मालकाहून निराळी नसतेच. दुकानाचे नाव काहीही असो, करार मालकाचा, कर मालकाचा आणि कर्जही मालकाचेच. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्या माणसावर त्या व्यापारी नावाने दावा लावता येतो. त्याला स्वतःला मात्र दावा लावावयाचा तर आपल्या खऱ्या नावानेच लावावा लागतो. पाटीमागे दडून राहण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

मग लोक ‘नोंदणी’ म्हणतात ती कोणती? ती एक नसून अनेक आहेत. दुकाने व आस्थापनांचा १९४८ चा मुंबई कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१७ चा नवा कायदा आला. त्याने लहान आस्थापनांना पूर्ण नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची सवलत दिली. कायदा झाला त्या वेळी ही मर्यादा दहा कामगारांची होती. केंद्र शासनाची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती विनाशुल्क असून आधार व पॅन यांच्या आधारे घरबसल्या होते. वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांवर किंवा सेवांची २० लाखांवर गेली, की महाराष्ट्रात वस्तू व सेवा कराची नोंदणी घ्यावी लागते. परराज्यात माल विकणाऱ्यास तर बहुधा या मर्यादेची वाट पाहता येत नाही. याखेरीज १९७५ च्या कायद्याचा व्यवसाय कर आहे आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्यास अन्नसुरक्षेचा परवाना वा नोंदणी आहे. यांपैकी दोन कागद घेऊन गेले, की बँकेत धंद्याच्या नावे चालू खाते उघडता येते.

हे सर्व कागद उपयोगी आहेत यात शंका नाही. उद्यम नोंदणीचाच दाखला घ्यावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लहान उत्पादकाचे वा सेवा पुरविणाऱ्याचे पैसे ठरल्या मुदतीत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. तसे न केल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात परिषद आहे. मोठ्या कारखान्याच्या दारात बिलासाठी खेटे घालणाऱ्या लहान कारखानदाराच्या हाती हे शस्त्र आहे. मात्र ते पुरवठा करण्यापूर्वीच नोंदणी करून हाती घेतलेले बरे. केवळ खरेदीविक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणीची मुभा मिळाली, ती अग्रक्रमाच्या कर्जापुरती. थकलेल्या बिलाचे हे संरक्षण त्यांना नाही.

तथापि, यांतील कोणताही कागद मालकाची जबाबदारी तसूभरही कमी करीत नाही. धंद्याचे देणे फिटले नाही, तर धनको मालकाच्या राहत्या घरापर्यंत पोहोचू शकतो. तसेच दुकान कायद्याच्या दाखल्यावर एखादे नाव आले म्हणून त्या नावावर मालकी उत्पन्न होत नाही. त्यासाठी १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचा मार्ग आहे. मालकाच्या मृत्यूबरोबर एकमालकीही संपते. परवाने आपोआप मुलाच्या नावावर चढत नाहीत. निदान चालू खात्यावर नामनिर्देशन केलेले असावे, एवढी साधी दक्षता घेण्यास काहीच खर्च येत नाही. परंतु तीही अनेकदा राहून जाते.

भागी आणि तिचे हिशेब

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हण ज्यांनी रचली, त्यांना भागीदारीचा अनुभव चांगलाच असावा. तरीही भागीदारीशिवाय लहान धंद्याचे चालत नाही. एकाजवळ पैसा असतो, दुसऱ्याजवळ कसब; एकाला हिशेब कळतो, दुसऱ्याला माणसे जोडता येतात. १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या किर्लोस्करांच्या उद्योगाने ‘बंधू’ हा शब्द आपल्या नावात मिरविला, आणि १९२० मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली. भावाभावांच्या वा मित्रामित्रांच्या विश्वासावर उद्योग उभे राहतात हे खरेच आहे. प्रश्न एवढाच की विश्वास आणि लेख यांचे वैर आहे, असे आपण का मानावे?

भारतीय भागीदारी कायदा १ ऑक्टोबर १९३२ पासून अमलात आला. त्यापूर्वी भागीदारीचे नियम १८७२ च्या करार कायद्यातच एका प्रकरणात होते. या कायद्यानुसार भागीदारी तोंडी करारानेही होते. लिहून ठेवलेच पाहिजे, अशी सक्ती नाही. परंतु जेथे माणसे काही ठरवीत नाहीत, तेथे कायदा स्वतः ठरवितो, आणि त्याचे ठरविणे अनेकांना अनपेक्षित असते.

समजा, दोन मित्रांनी छपाईचा व्यवसाय काढला. पहिल्याने ४ लाख रुपये घातले. दुसऱ्याने ५० हजार घातले आणि यंत्रावर दिवसभर तोच उभा राहू लागला. कागदावर काहीच नाही. वर्षअखेर पहिला म्हणतो, ‘भांडवलाच्या प्रमाणात नफा’. दुसरा म्हणतो, ‘आधी माझा पगार, मग नफा’. कायदा दोघांचेही ऐकत नाही. करार नसेल तर नफा व तोटा समसमान वाटावयाचा आणि काम केल्याबद्दल कोणाही भागीदाराला पगार नाही, असे तो सांगतो. आता नफ्याऐवजी ३ लाखांचा तोटा झाला, असे धरू. प्रत्येकाच्या वाट्याला दीड लाख. पहिल्याचे ४ लाखांपैकी अडीच लाख उरले. दुसऱ्याचे ५० हजार तर गेलेच, वर आणखी १ लाख रुपये त्याने घरून आणून भरावयाचे! वर्षभर विनावेतन राबलेल्या माणसाला हा हिशेब अन्यायाचा वाटेल. पण तो टाळण्यासाठी कराराचे एक वाक्य पुरले असते.

कराच्या बाबतीतही तेच आहे. भागीदारी पेढीला नफ्याच्या पहिल्या रुपयापासून ३० टक्के दराने आयकर पडतो. एकट्या मालकाला मिळणारे व्यक्तीचे टप्पे तिला नाहीत. मात्र काम करणाऱ्या भागीदारांचे वेतन आणि भांडवलावरील व्याज विहित मर्यादेत वजा करून मिळते, परंतु केव्हा? ते भागीदारीपत्रात लिहिलेले असेल तेव्हा. तोंडी भागीदारीस ही सवलत मिळत नाही. न लिहिलेल्या शब्दाची किंमत येथे थेट रुपयांत मोजता येते.

दप्तरात नाव नाही, तर न्यायालयाचे दार बंद

लेखी करार केला, मुद्रांक शुल्क भरले, सह्या झाल्या, पॅन आला, बँकेत खाते उघडले, वस्तू व सेवा कराचा क्रमांकही मिळाला. एवढे झाले की आपली पेढी ‘नोंदलेली’ आहे, असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे. भागीदारी कायद्याच्या अर्थाने नोंदणी म्हणजे भागीदारी संस्था निबंधकाच्या दप्तरात पेढीचे नाव, तिची ठिकाणे, भागीदारांची नावे व पत्ते आणि प्रत्येकाच्या प्रवेशाची तारीख यांची झालेली नोंद. ही नोंदणी सक्तीची नाही आणि तिच्यावाचून धंदा बेकायदा ठरत नाही. गोम आहे ती कायद्याच्या ६९ व्या कलमात.

हे कलम सांगते की नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येणार नाही. आणि नोंदणी नसलेल्या पेढीतील भागीदाराला आपल्या पेढीवर वा सहभागीदारावर करारातील हक्कासाठी दावा लावता येणार नाही. उलट, बाहेरच्या माणसाला मात्र अशा पेढीवर खुशाल दावा लावता येतो. वरील छपाईवाल्यांनी एखाद्या व्यापाऱ्याला २ लाखांचा माल दिला आणि त्याने हात वर केले, तर यांना न्यायालयात उभे राहता येत नाही; पण यांनी कागदवाल्याचे पैसे थकविले, तर तो यांना न्यायालयात खेचू शकतो. जुने कर्ज वसूल करण्यासाठी दावा लावावयाचा आणि मग धावाधाव करून नोंदणी करावयाची, हेही चालत नाही. नोंदणी दाव्याच्या आधी हवी आणि दाव्याच्या वेळी भागीदारांची नावेही दप्तरात हवीत. दावा मागे घेऊन नव्याने लावता येतो, परंतु मुदतीच्या कायद्याची तीन वर्षे तोवर सरलेली नसावीत!

असे का केले गेले, यालाही इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १९१६ च्या कायद्याने व्यापारी नावांची नोंदणी सक्तीची करून दंड ठेवला होता. सर दिनशा मुल्ला यांच्यासारखे कायदेपंडित ज्या समितीत होते, तिने भारतासाठी तो मार्ग घेतला नाही. खेड्यापाड्यांत पसरलेल्या लहानमोठ्या पेढ्यांवर सक्ती करणे व्यवहार्य नव्हते. म्हणून नोंदणी ऐच्छिक ठेवून, ती न करणाऱ्याच्या हातातून न्यायालयाचा आधार काढून घेतला गेला. अगदी लहान व्यवहारांना झळ लागू नये म्हणून मूळ कायद्याने १०० रुपयांपर्यंतच्या दाव्यांना सूट दिली. १९३२ मध्ये १०० रुपये ही लहान रकम नव्हती. आज ती सूट असून नसल्यासारखी आहे.

महाराष्ट्राने तर याच्याही पुढे पाऊल टाकले. १९८४ च्या दुरुस्तीने नोंदणी नसलेल्या पेढीच्या विसर्जनासाठी, तिच्या हिशेबासाठी आणि विसर्जित पेढीची मालमत्ता मिळविण्यासाठी दावा लावण्याचीही बंदी घातली. मूळ कायद्यात निदान एवढी वाट मोकळी होती. पंचवीस वर्षांनी, २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. स्वतःच्या घामाचा पैसा परत मागण्याचा मार्गच बंद करणे हे समतेच्या, व्यवसायस्वातंत्र्याच्या आणि मालमत्तेच्या हक्काशी विसंगत आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. नोंदणीला उत्तेजन द्यावयाचे ते शिक्षा कडक करून नव्हे, हा त्यातील धडा राज्यकर्त्यांनी घेण्यासारखा आहे.

केवळ नावापुरते भागीदार

नोकरदार वर्गाने आणखी एका गोष्टीचा विचार करावयास हवा. मेव्हण्याच्या धंद्यात पैसे गुंतविले, ‘केवळ नावापुरता’ भागीदार म्हणून सही केली, असे प्रकार सर्रास घडतात. कायद्याला नावापुरता भागीदार माहीत नाही. पेढीच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार इतरांसह आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. धनकोने सगळी रक्कम एकाच भागीदाराकडून मागितली तरी ‘माझा हिस्सा चार आणेच होता’ हे उत्तर चालत नाही. शासनाकडून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर जप्ती येत नाही, हा दिलासा असला तरी आयुष्यभराच्या हप्त्यांतून घेतलेल्या सदनिकेस तसे संरक्षण नाही. शिवाय निवृत्त होणाऱ्या भागीदाराने तशी जाहीर सूचना दिली नाही, तर नंतरच्या देण्यांचे ओझेही त्याच्या मानेवर राहू शकते.

राज्य शासनाच्या सेवकांना १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीवाचून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यापार करता येत नाही आणि कुटुंबातील कोणी व्यापार करीत असल्यास ते कळवावे लागते. यावर पळवाट म्हणून पत्नीच्या नावाने एकमालकी दाखविली जाते. कष्ट व निर्णय पतीचे आणि सही पत्नीची, असा हा संसार चालतो. परंतु कर्जफेड थांबली की नोटिसा येतात त्या तिच्या नावाने. ज्या स्त्रिया खरोखर स्वतः धंदा चालवितात, त्यांचा प्रश्न निराळा आहे आणि त्यांची संख्या वाढावी हेच उचित. परंतु ज्या व्यवहाराचा हिशेब कधी दाखविला गेला नाही, त्याचे देणे पत्नीच्या माथी मारणे हा संसारातलाही अन्यायच होय.

काय लिहावे, काय सुधारावे

भागीदारीपत्र म्हणजे वकिलाच्या कपाटातील छापील नमुन्यात नावे भरणे नव्हे. कोणी किती भांडवल घातले, नफातोटा कोणत्या प्रमाणात वाटावयाचा, काम करणाऱ्यास वेतन किती, बँकेवर सही कोणाची, कर्ज काढण्यास कोणाची संमती, वेगळे होताना हिस्सा कसा मोजावयाचा, एवढे तरी स्पष्ट हवे. भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते, ‘करार विरुद्ध नसेल तर’; म्हणून उरलेल्यांनी पेढी पुढे चालवावी असे कलम घालतात. मात्र भागीदार दोघेच असतील, तर ते कलमही निरुपयोगी ठरते. कारण एकट्याची भागीदारी होत नाही. मग वारसाला नवा भागीदार म्हणून घेऊन नवा करार करावा लागतो. अज्ञान मुलाला पूर्ण भागीदार करता येत नाही. सर्वांच्या संमतीने केवळ लाभात सहभागी करता येते. ज्यांना ही अमर्याद जबाबदारी पेलणार नाही, त्यांच्यासाठी २००८ च्या कायद्याची मर्यादित दायित्व भागीदारी आणि २०१३ च्या कायद्याची एकव्यक्ती कंपनी हे पर्याय आहेत. अर्थात त्यांच्याबरोबर दरवर्षीची विवरणपत्रे आणि त्यांचा खर्चही येतो.

नागरिकांनी जागरूक राहावे, हे सांगणे सोपे आहे. पण सारा भार त्यांच्यावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. उद्यम नोंदणी घरबसल्या आणि विनाशुल्क होऊ शकते, तर निबंधकाच्या दप्तरातील नोंदणी तितकीच सुलभ का होऊ नये? पेढीला पॅन वा कराचा क्रमांक देताना ‘ही भागीदारी कायद्याखालील नोंदणी नव्हे’ असे एक वाक्य मराठीत छापून देण्यास कोणती अडचण आहे? सामान्य माणसाला वाचून समजेल असा मराठी भागीदारीपत्राचा नमुना शासनाने स्वतः प्रसिद्ध करावा. आणि ६९ व्या कलमाचाही फेरविचार व्हावा. नोंदणी नसलेल्या लहान पेढीचा दावा फेटाळून लावण्याऐवजी ठरावीक मुदतीत नोंदणी करण्याची संधी तिला दिली, तर कायद्याचा हेतूही साधेल आणि देणे बुडविणाऱ्याला तांत्रिक कारणाचा आडोसाही मिळणार नाही. वाणिज्य शाखेच्या परीक्षेत ‘नोंदणी न केल्याचे परिणाम’ हा प्रश्न नेमाने येतो आणि विद्यार्थी त्याचे उत्तर पाठ करून गुणही मिळवितात. त्याच विद्यार्थ्याच्या घरच्या दुकानाची नोंद आहे की नाही, हे मात्र त्याला ठाऊक नसते. शिक्षणाचा आणि व्यवहाराचा हा दुरावा अभ्यासक्रमातील एखाद्या प्रत्यक्ष कामाने सहज कमी करता येईल.

लेखी करार म्हणजे अविश्वास, ही समजूत आता टाकून द्यावयास हवी. वस्तुतः ज्याच्याशी भांडावयाचे नाही, त्याच्याशीच आधी सर्व नीट लिहून घ्यावयाचे असते. भांडण झाल्यावर कोणी कोणाला काही लिहून देत नाही, आणि दप्तरात नाव नसेल तर न्यायाधीशालाही हात बांधून बसावे लागते. मुहूर्त पाहून पाटी लावणाऱ्यांनी त्याच आठवड्यात निबंधकाच्या कार्यालयाचीही एक फेरी करावी. त्या फेरीला लागणारा वेळ दिवाणी न्यायालयाच्या एका तारखेहून खचित कमी असतो.